एर्विन पिस्काटरची कारकीर्द : पडद्यावरची चित्रफीत आणि तिकिटांचा हिशेब

राज्य नाट्य स्पर्धेसाठी 1982 च्या गिरणी संपावर नाटक बसवणाऱ्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले की मागच्या पडद्यावर संपाची जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवाव्यात, म्हणजे प्रयोग ‘पिस्काटरच्या शैलीतला’ होईल. तेव्हा हा पिस्काटर नेमका कोण, जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्तवरच्या लेखनात त्याचे नाव एखाद्या ओळीपुरतेच का येते, आणि त्याच्या कारकिर्दीतून आजच्या हौशी रंगकर्मीने काय घ्यावे? मी दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना अशा दोन्ही बाजूंनी रंगमंचावर वावरलो आहे आणि विसाव्या शतकातील युरोपीय रंगभूमी हा विषय शिकवतो. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर जरा ऐसपैस देत आहे.

एका ओळीचे कारण आधी सांगतो, कारण ते साधे आहे. ब्रेख्तने नाटके लिहिली. ती नाटके रूपांतरित झाली, ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या रूपांनी मराठीतही आली, आणि त्यामुळे ब्रेख्त आपल्याला निदान चवीपुरता तरी ठाऊक आहे. पिस्काटर हा जर्मनच, पण निव्वळ दिग्दर्शक होता. दिग्दर्शकाचे काम पडदा पडला की संपते. मागे उरतात ती छायाचित्रे, परीक्षणे, आराखडे आणि असलेच तर त्याचे स्वतःचे लेखन. पिस्काटरच्या बाबतीत उरली ती मुख्यतः यंत्रांची छायाचित्रे : लोखंडी सांगाडे, सरकते पट्टे, प्रचंड पडदे. म्हणून ‘रंगमंचावर यंत्रे आणणारा माणूस’ अशी त्याची ओळख पक्की झाली. माझ्या मते ही ओळख अपुरी आहे. त्याची सगळी कारकीर्द एका सलग रेषेत मांडली तर असे दिसते की पैसा हाती आला तेव्हा यंत्रे आली आणि पैसा गेला तेव्हा ती गेली. टिकून राहिला तो त्याचा पुराव्याचा आग्रह, म्हणजे रंगमंचावर जे बोलले जाते त्याच्या बाजूला खरा कागद, खरा आकडा, खरे छायाचित्र ठेवण्याची त्याची सवय.

एर्विन पिस्काटरचा जन्म 17 डिसेंबर 1893 रोजी हेसन प्रांतातील उल्म नावाच्या खेड्यात झाला. पुढे हे कुटुंब मारबुर्ग या विद्यापीठाच्या गावी स्थायिक झाले. घराणे प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांचे असले तरी त्यांच्या पूर्वजांत योहानेस पिस्काटर हा सोळाव्या-सतराव्या शतकातील बायबलचा भाषांतरकार होता, आणि एर्विनच्या नाटकांत पुढे जो प्रवचनकाराचा आवेश दिसतो त्याचे मूळ अनेकांनी याच वारशात शोधले आहे. 1913 मध्ये तो म्युनिकला शिकायला गेला आणि तिथल्या दरबारी नाट्यगृहात बिनपगारी उमेदवारी करू लागला. एवढ्यात पहिले महायुद्ध आले आणि त्याला बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर धाडण्यात आले. तिथला एक प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. तोफगोळे कोसळत असताना सर्वांना जमिनीत खड्डा खणून आडोसा करण्याचा हुकूम झाला आणि पिस्काटरला ते काही जमेना. हाताखालच्या शिपायांना हाकणाऱ्या अधिकाऱ्याने चिडून त्याला विचारले, तुझा धंदा काय? ‘नट’ हा शब्द तोंडातून निघाला त्या क्षणी आपला सारा व्यवसाय त्याला इतका हास्यास्पद वाटला की समोरच्या गोळ्यांपेक्षा त्या शब्दाचीच लाज अधिक वाटली, असे तो सांगतो. युद्धावरून तो बर्लिनला परतला तो ही लाज घेऊनच. रूढ कलेची खिल्ली उडवणाऱ्या ‘दादा’ चळवळीतले जॉर्ज ग्रोस, जॉन हार्टफील्ड आणि वीलांड हेर्त्सफेल्ड हे त्याचे सोबती झाले आणि नव्याने स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाचा तो सभासद झाला.

1920 च्या ऑक्टोबरात त्याने बर्लिनमध्ये ‘श्रमिकांची रंगभूमी’ सुरू केली. स्वतःचे नाट्यगृह नव्हते. कामगार वस्त्यांतील सभागृहांत, जिथे एरवी सभा भरत आणि बिअर मिळे अशा जागी, प्रयोग होत. नेपथ्य हातगाडीवर मावेल एवढेच. या काळातला हार्टफील्डचा किस्सा पिस्काटरनेच सांगितला आहे आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. एका एकांकिकेचा मागचा पडदा रंगवण्याचे काम हार्टफील्डकडे होते आणि तो नेहमीप्रमाणे उशीर करून, निम्मा अंक झाल्यावर, पडद्याची गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला व ‘थांबा, मी आलो आहे’ असे ओरडत थेट रंगमंचाकडे निघाला. पिस्काटर स्वतः त्या नाटकात भूमिका करत होता. त्याने भूमिका सोडून तिथूनच विचारले, इतका वेळ होतास कुठे? आम्ही वाट पाहून तुझ्या पडद्याशिवाय सुरुवात केली. हार्टफील्डचे म्हणणे, तुम्ही गाडी पाठवली नाही, ट्रामवाल्यांनी एवढी मोठी गुंडाळी आत घेऊ दिली नाही, शेवटी एका ट्रामच्या मागच्या पायरीवर लटकत आलो. वाद वाढला. अखेर पिस्काटरने प्रेक्षकांनाच विचारले की नाटक पुढे न्यायचे की आधी पडदा लावायचा. बहुमत पडद्याच्या बाजूने पडले. खेळ थांबवून पडदा लावण्यात आला आणि नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. एपिक रंगभूमीचा, म्हणजे प्रेक्षकाला गुंगवण्याऐवजी विचार करायला लावणाऱ्या रंगभूमीचा, जनक हार्टफील्डच, असे पिस्काटर पुढे थट्टेने म्हणत असे. थट्टा बाजूला ठेवली तरी त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली होती : प्रेक्षकांना मत विचारले गेले होते आणि त्यांच्या मताप्रमाणे रंगमंचावर बदल झाला होता. त्यासाठी एक पैशाचेही यंत्र लागले नव्हते.

हा उपक्रम काही महिन्यांतच बंद पडला. पोलिसांचा परवाना मिळेना आणि तिकिटांच्या उत्पन्नात भागेना. त्यानंतर 1924 मध्ये त्याला बोलावणे आले ते ‘फोल्क्सब्यूने’ या संस्थेकडून. फोल्क्सब्यूने म्हणजे सभासदांची रंगभूमी : हजारो कामगार आणि कारकून ठरावीक माफक वर्गणी भरत, आसने चिठ्ठ्या टाकून वाटली जात, आणि याच वर्गण्यांतून बर्लिनमध्ये मोठे सुसज्ज नाट्यगृह उभे राहिले होते. तिथे पिस्काटरने मे 1924 मध्ये आल्फोन्स पाकेचे ‘झेंडे’ हे नाटक केले. शिकागोमधील 1886 चा हेमार्केट स्फोट आणि आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी लढणाऱ्या पुढाऱ्यांवर चालवलेला खटला हा त्याचा विषय. नाटककाराने त्याला ‘नाट्यात्म कादंबरी’ म्हटले होते. पिस्काटरने रंगमंचाच्या बाजूला पडदे लावले, खऱ्या व्यक्तींची छायाचित्रे पात्रे रंगमंचावर येण्याआधीच दाखवली आणि प्रवेशांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या प्रक्षेपित केल्या. आज हे शाळेच्या स्नेहसंमेलनातही दिसते, त्या वेळी ते नवीन होते. इथे पडदा शोभेसाठी नव्हता हे लक्षात घ्यावे. नट जे बोलतो आहे ते कल्पित नाही, हा माणूस खरोखर होता आणि त्याला खरोखर फाशी दिली गेली, एवढे सांगण्यासाठी तो होता.

पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनासाठी त्याने ‘तरीसुद्धा!’ हा प्रयोग केला, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीचा खरा आरंभ इथे आहे. 12 जुलै 1925 रोजी, दिग्दर्शक माक्स राइनहार्टने सर्कशीची इमारत बदलून उभारलेल्या बर्लिनच्या अवाढव्य नाट्यगृहात तो झाला. शीर्षक कम्युनिस्ट पुढारी कार्ल लीबक्नेख्तच्या अखेरच्या लेखाचे. काळ 1914 मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून 1919 च्या जानेवारीत लीबक्नेख्त आणि त्याची सहकारी रोझा लक्झेंबुर्ग यांचा खून होईपर्यंतचा. संहिता कोणा एका नाटककाराची नव्हती. भाषणे, वृत्तपत्रांची कात्रणे, जाहीरनामे, पत्रके, छायाचित्रे यांतून ती जुळवलेली होती आणि संगीत एडमुंड माइझेलचे होते. सरकारी अभिलेखागारातून पिस्काटरने युद्धात प्रत्यक्ष चित्रित झालेल्या फिती मिळवल्या. युद्धपट निघण्याची लाट यायला अजून काही वर्षे होती, आणि समोर बसलेल्या माणसांनी आपण लढलेले युद्ध असे मोठ्या पडद्यावर पाहिले नव्हते.

या फितींची जागा कशी निवडली होती ते पाहा. रंगमंचावर संसदेतील दृश्य : समाजवादी लोकशाही पक्षाचे खासदार युद्धखर्चाच्या कर्जाला मंजुरी देतात, हात वर होतात. लगेच पडद्यावर चढाई करणारे सैनिक आणि पहिली प्रेते. मध्ये कुणी भाष्य करत नाही. मत देण्याची कृती नटांची, परिणाम कॅमेऱ्याने टिपलेला. दोहोंमधला जोड प्रेक्षकाने आपल्या मनात लावायचा. प्रकाशयोजना करणारा म्हणून मला यातले कौशल्य विशेष जाणवते, कारण चित्रफीत आणि जिवंत नट एकाच वेळी दाखवायचे म्हटले की दोघांत भांडण लागते; नटाच्या चेहऱ्यावरचा समोरचा प्रकाश पडद्यावर सांडतो आणि चित्र धुऊन जाते, आणि चित्र उजळ ठेवावे तर नट सावलीत जातो. आधी कृती आणि मग फीत अशा क्रमाने हा तिढा सुटला आणि अर्थही धारदार झाला. या नाटकाचे दोनच प्रयोग झाले. पक्षाने अधिवेशनापुरता खर्च केला होता, अधिवेशन संपले आणि नाटकही.

फोल्क्सब्यूनेशी त्याचे बिनसले ते मार्च 1927 मध्ये. एम वेल्कचे ‘गॉटलांडवरचे वादळ’ हे 1400 च्या सुमारास समुद्रावर लुटालूट करणाऱ्या बंडखोरांचे नाटक. पिस्काटरने त्यात एक फीत घातली, जिच्यात प्रमुख पात्रे प्रेक्षकांच्या दिशेने चालत येतात आणि चालता चालता त्यांचे पोशाख शतकाशतकाने बदलत वर्तमानापर्यंत येतात. एका पात्राच्या ठायी लेनिन दिसतो. संस्था कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही या भूमिकेवरून संचालकांनी फीत कापली. मोठा गदारोळ झाला, लेखक-कलावंतांनी निषेध सभा घेतली आणि पिस्काटर बाहेर पडला. इथे मी थोडा संचालकांच्याही बाजूने बोलतो. त्यांच्या सभासदांत वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते आणि पैसा त्या सर्वांचा होता. मात्र नाटककाराला न विचारता अर्थ फिरवण्याची पिस्काटरची खोड या प्रकरणात पहिल्यांदा ठळक झाली, आणि ती पुढे सुटली नाही.

आता त्याला स्वतःचे नाट्यगृह हवे होते. पैसा आला तो अनपेक्षित बाजूने. टिला ड्यूरिओ ही त्या काळची नामवंत अभिनेत्री. तिच्या मध्यस्थीने बिअर उद्योगातील बडे धनिक लुडविग काट्सेनएलेनबोगन यांनी भांडवल दिले. बर्लिनच्या पश्चिम भागातील नोलेनडॉर्फप्लात्स चौकातले नाट्यगृह भाड्याने घेतले गेले. क्रांतीचे नाटक, मद्याच्या कारखानदाराचा पैसा आणि उच्चभ्रू वस्तीतला पत्ता, असा हा त्रिवेणी संगम होता. हिशेब असा मांडला होता की पुढच्या रांगांची महागडी तिकिटे श्रीमंत बर्लिनकर कुतूहलापोटी घेतील आणि त्यांच्या पैशावर फोल्क्सब्यूनेतून फुटून आलेल्या तरुण सभासदांना स्वस्त जागा देता येतील. 3 सप्टेंबर 1927 रोजी एर्न्स्ट टोलरच्या ‘हॉप्ला, आम्ही जगतो!’ या नाटकाने पडदा उघडला. आठ वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून बाहेर आलेला क्रांतिकारक आणि त्याला न ओळखता येणारे नवे जर्मनी, अशी ती गोष्ट. नेपथ्यकार ट्राउगोट म्युलरने लोखंडी नळ्यांचा अनेक मजली सांगाडा उभा केला होता. प्रत्येक खोलीत वेगळा प्रवेश, मधोमध पडदा, आणि नायकाच्या गैरहजेरीतली आठ वर्षे कुर्ट ओर्टेलने तयार केलेल्या फितीतून झरझर सरकणारी. शेवट झाल्यावर स्वस्त जागांवरच्या पोरांनी उठून ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचे गीत गायले, आणि फरचे कोट घातलेली मंडळी ते ऐकत खाली बसून राहिली. टोलरच्या मनातला शेवट वेगळा होता. पिस्काटरच्या आग्रहाने नायकाने तुरुंगात आत्महत्या करावी असे ठरले, आणि त्याबद्दलची नाराजी टोलरने पुढे लिहून व्यक्त केली. माझ्या मते टोलरचे म्हणणे रास्त होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘रास्पुटिन’ आले. रंगमंचावर पृथ्वीच्या अर्धगोलासारखी रचना, तिचे भाग उघडतील तसे आतले प्रवेश दिसायचे, गोलावरच फिती पडायच्या आणि बाजूच्या अरुंद पडद्यावर तारखा व घटना दिनदर्शिकेसारख्या खालून वर सरकत राहायच्या. एका प्रवेशात रशिया, ऑस्ट्रिया आणि जर्मनीचे तिन्ही सम्राट होते. हॉलंडमध्ये परागंदा असलेला माजी कैसर दुसरा विल्हेल्म याने आपले पात्र रंगमंचावर दाखवण्याविरुद्ध बर्लिनच्या न्यायालयात दाद मागितली आणि त्याला मनाईहुकूम मिळाला. पिस्काटरने काय करावे? बाकीचे दोघे सम्राट ठेवले, आणि कैसरच्या जागी लेखक-सहकारी लेओ लानिया रंगमंचावर आला आणि त्याने न्यायालयाचा आदेश वाचून दाखवला. इतके मार्मिक पात्र कुठल्याही नाटककाराला लिहिता आले नसते. अर्धगोल उभारायला किती खर्च आला असेल कोण जाणे, पण त्या नाटकातली इतिहासात राहिलेली जागा एका कागदाने मिळवली.

जानेवारी 1928 मधल्या ‘श्वाइक’बद्दल मात्र यंत्राला त्याचे श्रेय द्यायला हवे. चेक लेखक हाशेकच्या कादंबरीतला हा शिपाई सतत चालतच असतो. तो चालतो आणि जग त्याच्या बाजूने सरकत जाते. पिस्काटरने रंगमंचावर दोन सरकते पट्टे बसवले. माक्स पालेनबेर्ग हा अव्वल विनोदी नट एका पट्ट्यावर जागच्या जागी चालत राही आणि दुसऱ्यावरून झाडे, घरे, शौचकूप, अधिकारी त्याच्या समोर येत. काही माणसे तर जॉर्ज ग्रोसने काढलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्या होत्या, आणि मागे त्याचीच व्यंगचित्रे हलत होती. रूपांतरावर ब्रेख्तनेही इतरांबरोबर काम केले. पट्ट्यांचा आवाज मात्र असा होता की नटांचे शब्द ऐकू येईनात. साबण, ग्रॅफाइट, वंगण असे सर्व उपाय करूनही तो पुरता गेला नाही, हे पिस्काटरने स्वतः नोंदवले आहे. आपल्याकडे फिरत्या रंगमंचावर ज्यांनी हळव्या प्रवेशात खालून येणारा घरघराट सोसला आहे त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. तरीही इथे यंत्र आशयातून आले होते : सैन्य नावाचे यंत्र माणसाला पुढे नेत राहते आणि तो कुठेच पोहोचत नाही, ते डोळ्यांना दिसत होते. ग्रोसवर मात्र या नाटकासाठी काढलेल्या चित्रांतील, वायुरोधक मुखवटा घातलेल्या क्रुसावरच्या ख्रिस्तामुळे, ईश्वरनिंदेचा खटला भरला गेला, आणि तो दीर्घकाळ चालला.

‘श्वाइक’ जोरात चालले आणि तिथेच घात झाला. यशाच्या भरात दुसरे नाट्यगृह भाड्याने घेतले गेले. दोन जागांचे भाडे, दोन संच, तंत्रज्ञांची फौज, आणि दर नाटकाला नव्याने बांधलेला रंगमंच. त्यात तेलाच्या धंद्यावरचे ‘तेजी’ हे नाटक चालले नाही. 1928 च्या उन्हाळ्यात कंपनी दिवाळखोरीत निघाली. याच सुमारास वास्तुकार वाल्टर ग्रोपियसने त्याच्यासाठी ‘समग्र नाट्यगृहा’चा आराखडा केला होता : प्रेक्षागाराचा एक भाग फिरवला की चौकटीचा रंगमंच मधोमध येऊन वर्तुळाकार व्हावा, आणि सभोवतीच्या खांबांमधल्या पडद्यांवर चोहीकडून फिती पडाव्यात. तो कधीच बांधला गेला नाही. 1929 च्या सप्टेंबरात पिस्काटरने त्याच नाट्यगृहात पुन्हा डाव मांडला. वाल्टर मेरिंगचे ‘बर्लिनचा व्यापारी’, नेपथ्य मोहोली-नॉजचे, संगीत हान्स आइसलरचे. हे नाटक उजव्यांनाही झोंबले आणि ज्यूंनाही दुखावून गेले, आणि काही आठवड्यांत संपले.

यानंतर पैसा उरला नाही, आणि मग जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. डॉक्टर असलेल्या कार्ल क्रेडेचे गर्भपातबंदीच्या कलम 218 वरचे नाटक घेऊन पिस्काटरचा संच गावोगाव फिरला. नेपथ्य बेताचे. काही नट प्रेक्षकांतच बसलेले, तिथूनच उठून बोलणारे. डॉक्टर, वकील अशा स्थानिक मंडळींना चर्चेत ओढले जाई. आणि शेवटी प्रेक्षकांचे मत घेतले जाई की हे कलम रद्द व्हावे की नाही. हार्टफील्डच्या पडद्यावर घेतलेले मतदान दहा वर्षांनी एका कायद्यावर घेतले गेले. करमणूक कराच्या थकबाकीपायी त्याला याच दिवसांत तुरुंगवासही घडला.

पुढची वीस वर्षे भरभर सांगतो, कारण त्यांत नाटक कमी आणि स्थलांतर जास्त आहे. 1931 मध्ये तो चित्रपट करण्यासाठी सोव्हिएत संघात गेला. आना सेगर्सच्या कथेवरचा तो एकमेव चित्रपट 1934 मध्ये पुरा झाला. मधल्या काळात जर्मनीत हिटलर आला आणि परतीचा रस्ता बंद झाला. 1936 मध्ये तो कामासाठी पॅरिसला गेला आणि परत येऊ नये असा इशारा मॉस्कोहून मिळाल्यावर पॅरिसमध्येच राहिला. मागे राहिलेल्या जर्मन रंगकर्मींपैकी कारोला नेहरसारख्या अभिनेत्रीचा शेवट स्टालिनच्या तुरुंगात झाला, हे पाहता त्याचा जीव थोडक्यात वाचला. पॅरिसमध्ये त्याने नृत्यांगना मारिया ले हिच्याशी लग्न केले आणि 1939 च्या आरंभी दोघे न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्कमध्ये 1940 साली न्यू स्कूल या संस्थेच्या आश्रयाने त्याने ‘ड्रॅमॅटिक वर्कशॉप’ ही नाट्यशाळा काढली. तिथून गेलेल्या नावांची यादी थक्क करणारी आहे : टेनेसी विल्यम्स, मार्लन ब्रँडो, वॉल्टर मॅथाउ, हॅरी बेलाफॉन्टे. ब्रँडोचे श्रेय पिस्काटरला देणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. तो तिथे अभिनयशिक्षिका स्टेला अ‍ॅडलरकडे शिकला आणि पिस्काटरचे व त्याचे पटले नाही. खरी शिष्या ज्युडिथ मलिना. तिला दिग्दर्शन शिकायचे होते. बायकांना हे काम झेपत नाही असे मानणाऱ्या पिस्काटरने आधी आढेवेढे घेतले आणि मग तिला वर्गात घेतले. तिने आणि ज्युलियन बेकने पुढे ‘लिव्हिंग थिएटर’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. ब्रॉडवेने पिस्काटरला कधी आपले मानले नाही. शेवटी कम्युनिस्टांची झडती घेणाऱ्या समितीचे बोलावणे आले आणि 1951 च्या ऑक्टोबरात तो पश्चिम जर्मनीला परतला.

तिथे कोणी हार घेऊन उभे नव्हते. वयाची अठ्ठावन्न वर्षे होत आलेली, आणि मारबुर्ग, गीसन, ट्युबिंगेन अशा लहान गावांच्या नाट्यगृहांत पाहुणा दिग्दर्शक म्हणून फिरणे नशिबी आले. 1955 मध्ये बर्लिनच्या शिलर नाट्यगृहात त्याने टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’चे रूपांतर केले, तेव्हा बोरोदिनोची लढाई त्याने निवेदकाच्या हाती खेळण्यातले शिपाई देऊन एका फळीवर मांडून दाखवली. तीस वर्षांपूर्वी ज्याने खऱ्या लढाईच्या फिती दाखवल्या त्याने हे करावे, याची समीक्षकांनी थट्टाच केली. पण मला तो प्रवेश वाचताना वाटते की आता प्रेक्षकाला काय दाखवायचे हा प्रश्न बदलला होता. तीस वर्षांत लोकांनी पडद्यावर इतकी प्रेते पाहिली होती की आणखी एका फितीने कोणी हलणार नव्हते.

1962 मध्ये पश्चिम बर्लिनच्या फ्राय फोल्क्सब्यूनेने त्याला प्रमुख म्हणून नेमले. पुन्हा सभासदांचीच रंगभूमी, आणि या वेळी सोबत सार्वजनिक अनुदानाचा आधार. अडुसष्टाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा अशी जागा मिळाली जिथे पुढच्या महिन्याचे भाडे ही त्याची एकट्याची चिंता नव्हती. त्याच वर्षी एका अपरिचित लेखकाच्या नाटकाची मुद्रिते प्रकाशकाकडून त्याच्या हाती आली. रोल्फ होखहुथचे ‘प्रतिनिधी’ : ज्यूंचा संहार चालू असताना पोप बारावे पायस गप्प का राहिले, हा त्याचा प्रश्न. संपूर्ण केले तर सात-आठ तास चालेल असे ते होते आणि सोबत ऐतिहासिक टिपणांचे लांबलचक परिशिष्ट. पिस्काटरने ते कापले, आणि 20 फेब्रुवारी 1963 रोजी पहिला प्रयोग केला. जर्मनीत आणि नंतर इतर देशांत जो वाद पेटला तेवढा वाद त्याच्या कोणत्याही यांत्रिक रंगमंचाने पेटवला नव्हता.

1964 च्या ऑक्टोबरात हाइनार किपहार्टचे, अणुबॉम्ब घडवणारा अमेरिकन शास्त्रज्ञ ओपनहायमर याच्यावरचे नाटक आले. 1954 मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ओपनहायमरची जी चौकशी केली तिची टंकलिखित पाने सुमारे तीन हजार. त्यांतून ही संहिता काढलेली. स्वतः ओपनहायमरने तिच्यावर हरकत घेतली होती. आणि 19 ऑक्टोबर 1965 रोजी पेटर वाइसचे ‘तपास’, जे फ्रँकफुर्टमध्ये नुकत्याच संपलेल्या आउश्वित्स खटल्यातील साक्षींवर आधारलेले होते. पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील डझनाहून अधिक रंगमंचांवर ते त्याच रात्री एकदम सादर झाले. बर्लिनचा प्रयोग पिस्काटरचा, संगीत लुइजी नोनोचे. साक्षीदार उठतात, बोलतात, बसतात. छळछावणीचे एकही दृश्य नाही. पाच महिन्यांनी, 30 मार्च 1966 रोजी, श्टार्नबेर्गमध्ये पिस्काटर वारला.

या तिन्ही नाटकांचे लेखक स्वतंत्र होते आणि त्यांनी पिस्काटरची नक्कल केलेली नाही. पण ‘तरीसुद्धा!’मध्ये जी संहिता त्याला स्वतः कात्रणांतून जुळवावी लागली होती, तशी संहिता लिहिणारे नाटककार अखेर जन्माला आले होते आणि त्यांची नाटके घेऊन जाण्याची पहिली जागा म्हणजे पिस्काटरचे नाट्यगृह होते. ब्रेख्तशी तुलना करायची तर इथे करावी. ब्रेख्त बोधकथा रचतो आणि गोष्ट दूरच्या देशी नेतो. पिस्काटर प्रेक्षकाला नाव, तारीख आणि सही दाखवतो. दोघांनी एकमेकांकडून भरपूर घेतले, तरी स्वभाव वेगळे होते, आणि मराठीत आपण ज्याला सरसकट ‘ब्रेख्तियन’ म्हणतो त्यातले बरेचसे खरे तर पिस्काटरच्या घरचे आहे.

आता तुमच्या नाटकाविषयी. संपाची छायाचित्रे सबंध नाटकभर मागे झळकत ठेवणार असाल तर ती रंगवलेल्या पडद्याचेच काम करतील, आणि पाच मिनिटांत प्रेक्षक ती पाहणे सोडून देतील. त्याऐवजी तुमच्या संहितेत अशी जागा शोधा जिथे एखादे पात्र काही ठरवते, सही करते किंवा हात वर करते, आणि फीत नेमकी त्यानंतर येऊ द्या. छायाचित्रे मिळवताना कामगारांच्या घरी पडलेल्या हजेरीपत्रिका, पगाराच्या पावत्या, बडतर्फीच्या नोटिसा यांचाही शोध घ्या. अशी एखादी नोटीस नटाने समोर येऊन शब्दशः वाचली तर पडद्याची गरज भासणार नाही, आणि स्पर्धेच्या खर्चातले प्रोजेक्टरचे भाडेही वाचेल. वापरायचाच झाला तर प्रोजेक्टर पडद्याच्या मागून टाका किंवा नटांना पडद्यापासून इतके पुढे ठेवा की त्यांच्यावरचा प्रकाश वरून व बाजूने देता येईल. आणि फीत रंगीत तालमीच्या दिवशी आणू नका. पिस्काटरच्या फिती शेवटच्या रात्रीपर्यंत कापल्या-जोडल्या जात, नट त्यांच्याबरोबर पुरेशी तालीम न करताच उभे राहत, आणि पहिल्या प्रयोगांतले निम्मे घोळ त्यातून होत. त्याच्याकडे ते निस्तरायला पुढचे प्रयोग होते. स्पर्धेत तुम्हाला एकच प्रयोग मिळतो.